डोकाळं पिल्लू

त्या उन्हाळ्यात डुकरिणींना पिल्लं बारकी व्हायला लागली. एकीला झाली, दुसरीला झाली, तोवर कुणी मनावर घेतलं नाही. पण पाचवी व्यायली आणि सतरा पिल्लांत धड म्हणावीत अशी सहाच निघाली, तेव्हा मालकाचा चेहरा उतरला. वरचा पत्रा तापून शेडची भट्टी झाली होती. पंखे होते, पण गरम वारा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यापलीकडे ते काही करत नव्हते. गाभण डुकरिणी अर्धं खाद्य तसंच टाकून ओल्या फरशीवर पोट टेकून पडायच्या. आईनंच खाल्लं नाही तर पोटातल्याला कुठून मिळणार, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

मालकानं नियम काढला. पिल्लू जन्मलं की पुसून काट्यावर ठेवायचं आणि आठशे ग्रॅमच्या खाली भरलं तर मागे न्यायचं. मागे म्हणजे शेडच्या मागे, जिथे खड्डा होता. हे काम सासूचं होतं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला धजत नव्हता, आणि सासूचाही धजत होता असं नाही, पण कुणीतरी करायलाच हवं, म्हणून ती करायची आणि मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायची.

सासू म्हणजे विणीच्या शेडची बाई. वीस वर्षं ती तिथेच होती. मालक तिला मावशी म्हणायचा. सून हाताखाली कामाला आली तेव्हापासून बाकी सगळे तिला सासूच म्हणायला लागले, अगदी वयानं तिच्याहून मोठा असलेला खाद्याचा गाडीवालासुद्धा.

"सासूबाई, पोती कुठं टाकू?"

"टाक माझ्या डोक्यावर. रोज तीच जागा आहे, तरी रोज विचारतोस."

तर नियम निघाला त्याच दिवशी सासूनं मालकाला काट्यापाशी उभं केलं. दोन पिल्लं होती. दोन्ही बरोब्बर साडेसातशे.

"दोन्ही मागे," मालक म्हणाला.

"हे मागे. हे नाही."

"वजन तेवढंच आहे की, मावशी."

"वजनाला काय करायचंय? याचं कपाळ बघा. नाकापासून कसं उभं चढलंय. डोळे बाहेर आलेत, तोंडाच्या कडेला सुरकुत्या. सगळं डोक्यात गेलंय, अंगाला काही उरलेलंच नाही. हे डोकाळं. हे नीट ओढत नाही, आणि ओढलं तरी अंगी लागत नाही. आता हे दुसरं बघा. लहान आहे, पण सगळं मापात लहान आहे. कपाळ सपाट, पाठ लांब, मांडीला हाताला लागेल एवढं मांस. याला आचळ मिळालं की दोन महिन्यांत ते भावंडांना गाठतं."

मालकानं हसून दोन्ही ठेवायला सांगितली, खात्री करून घ्यायची म्हणून. डोकाळं चौथ्या दिवशी आईच्या पायाशी गार होऊन पडलं. दुसरं दहाव्या आठवड्यात विकायला गेलं तेव्हा इतरांमधून ओळखून काढता आलं नाही. त्यानंतर मालकानं काटा बाजूला ठेवला नाही, पण सासूच्या हाताच्या आड कधी आला नाही.

तो हात बघण्यासारखा होता. पिल्लू एका हातात उचलायचं, अंगठा नाकावरून कपाळावर सरकवायचा, बाकीची बोटं पोटाखाली. तीन मोजेपर्यंत निवाडा. सून हे सगळं दोन वर्षं शेजारी उभं राहून शिकली. तिच्या स्वतःच्या पोटात आठवा महिना चालू होता, तरी ती पाइप धरून फरशा धुवायची, ऊबेच्या दिव्याखाली पिल्लं लावायची, आणि आताशा दारातूनच सांगायची, "आई, ते कोपऱ्यातलं डोकाळं आहे." सासूला तिचं कौतुक वाटायचं. ती बोलून दाखवायची नाही, पण गाडीवाल्याला एकदा म्हणाली होती, की माझ्यामागे हे शेड हिच्या हातात सुरक्षित आहे.

आठवा संपता संपता सून शेडमध्येच कळांनी वाकली. मालकानं आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवली. मुलगी झाली, एक किलो नऊशे.

सासू संध्याकाळी हातपाय धुऊन, धुतलेले कपडे घालून दवाखान्यात गेली. सुनेच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. सुनेनं फडकं बाजूला केलं. आणि सासूनं जे बघायचं नव्हतं ते बघितलं. डोकं मोठं. कपाळ पुढे आलेलं. हातापायांच्या काड्या, मांडीवरची कातडी सैल, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या. तिनं हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गुंफून धरले.

"घ्या ना, आई," सून म्हणाली.

"असू दे. झोपलीय. कशाला हलवायची?"

नर्स घाईत होती. दर दोन तासांनी पाजायचं, अंग गरम ठेवायचं, दर आठवड्याला वजनाला आणायचं, एवढं तिनं सांगितलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. पोरीचा बाप ट्रकवर होता, तो तिसऱ्या दिवशी आला, लेकीला हातात घेऊन वेड्यासारखा हसला, दोन दिवस राहिला आणि पुन्हा माल घेऊन निघून गेला. जाताना आईला म्हणाला, "आई, दोघींना तुझ्यावर सोडून चाललोय." सासूनं मान डोलावली.

त्यांची खोली शेडच्या मागच्या बाजूला होती. एक खाट, एक चूल, एक खिडकी, आणि भिंतीला लागून पाण्याचं पिंप. सासूनं सुनेला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. पहाटे उठून पाणी तापवायची, धुणं धुवायची, सुनेच्या पुढ्यात गरम जेवण ठेवून ती शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसायची. मग शेड. शेडमधून दर दोन तासांनी येऊन दारातूनच विचारायची, "पाजलं का?" तिचं कुठेच चुकत नव्हतं. फक्त ती पोरीला उचलत नव्हती. आंघोळीच्या वेळी पाणी ओतायची, टॉवेल धरायची, पण पोर हातात घ्यायची वेळ आली की तिला चुलीवर काहीतरी उतू जाताना दिसायचं.

सुनेच्या हे ध्यानात येत होतं. सासूला वाटलं, तिला कळलेलं नाही. इतक्या हुशार बाईला असं वाटावं याचं नवल आहे, पण माणूस स्वतःपुरता असा आंधळा असतोच.

खरं म्हणजे सासू घाबरली होती. जे जगणार नाही त्याला हातात घ्यायचं नाही, हे तिनं वीस वर्षांत स्वतःला शिकवलं होतं. हातात घेतलं की ऊब लागते, आणि ऊब लागली की मागे नेता येत नाही. घरातल्या पोरीला कुणी मागे नेणार नव्हतं. पण ती आपण होऊन जाईल, आज नाही तर आठ दिवसांनी, असं सासूनं पहिल्याच संध्याकाळी मनाशी धरलं होतं, आणि ते मनातून काढायचा उपाय तिच्याकडे नव्हता.

आठवडा उलटला. वजनाला न्यायचा दिवस आला, तेव्हा एकाच सकाळी तीन डुकरिणी व्यायला बसल्या. दवाखाना दोन बस बदलून. सासूला शेड सोडता येईना, आणि ओल्या बाळंतिणीनं एकटीनं जावं हे तिला पटेना. मालक शेडमध्ये आला होता. त्यानं ऐकलं आणि चांगल्या मनानंच म्हणाला, "मावशी, एवढं कशाला? काटा इथंच आहे की. ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो."

सून पोरीला घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "नको, मालक. उद्या जाऊ."

"अगं, दोन मिनिटांचं काम. उद्याचं कुणी बघितलंय?"

मालकापुढे किती वेळ नको म्हणणार? सासूनं काट्याचं पारडं गरम पाण्यानं तीनदा धुतलं. कोरडं केलं. त्यावर स्वच्छ टॉवेल घातला आणि त्या टॉवेलाचं वजन काट्यावरून उतरवलं. सुनेनं पोरीला त्यात ठेवलं. त्याच पारड्यात तासापूर्वी चौदा पिल्लं भरली होती, आणि शेजारच्या कप्प्यातली डुकरीण घुरघुरत होती. पोर रडली नाही. डोळे उघडे ठेवून पत्र्याकडे बघत राहिली. गाडीवाला पोतं खांद्यावर घेऊन थांबला होता, त्यानं नजर दुसरीकडे वळवली. ती लाज सुनेला आयुष्यभर पुरणार होती.

एक किलो आठशे पन्नास.

"पन्नास उतरलं," सासूच्या तोंडून गेलं.

पिल्लू पहिल्या दिवसापासून चढतं. उतरलं की संपलं. शेडमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पोर टॉवेलात हलली, घसरेल असं वाटलं, आणि सासूनं तिला सावरायला हात घातला. एकच हात. बोटं पोटाखाली गेली आणि अंगठा नाकावरून कपाळावर सरकला.

तिला भान आलं तेव्हा सून तिच्या हाताकडे बघत होती. सासूनं चटका बसल्यासारखा हात काढला. सुनेनं पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि ती खोलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये आली. पोर तिनं पुढच्या बाजूला फडक्यानं बांधून घेतली होती. कालच्या तिघींपैकी एकीची पिल्लं सासू निवडत होती. पायाशी बादली होती आणि बादलीत दोन डोकाळी.

सुनेनं वाकून त्यातलं एक उचललं. "हे मी घेते."

"कशाला?"

"वाढवायला."

"अगं, ते जगत नाही. तुला मी सांगायला हवं का?"

"बघू की."

"बाळंतपणातून उठली नाहीस अजून. स्वतःच्या पोरीचं बघ."

"तिचंच बघतेय," सून म्हणाली.

तिनं पिल्लाच्या कानावर खुणेची हिरवी शाई लावून दिली, ते दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून, आणि एक जुना दिवा दिला.

खोलीत खोका आला. खोक्यात पोतं, वर दिवा. सुनेनं बाटलीला सगळ्यांत बारकं निपल लावलं आणि डुकरिणीचा पहिला चीक सासूकडून मागून घेतला. दर दोन तासांनी ती आधी पोरीला पाजायची आणि मग पिल्लाला. पोर घेत होती, पण दमत होती. चार घोट आणि डोळे मिटायची. पिल्लूही तसंच. सून दोघांशी एकाच आवाजात बोलायची. "घे. अजून एक. असं नाही करायचं." सासू चुलीपाशी बसून हे ऐकायची. सुनेनं त्या पिल्लावर काय पणाला लावलंय हे तिला कळत होतं. हे डोकाळं तरलं तर ती पोरही तरेल. सरळ हिशेब होता, आणि सासूला त्याचं उत्तर आधीच ठाऊक होतं.

दोन दिवस पिल्लू टिकलं. तिसऱ्या दिवशी ते बाटली तोंडात धरून नुसतंच पडून राहायला लागलं. दूध ओठांतून बाहेर यायचं. सुनेनं पुढ्यातलं ताट सरकवलं.

"खा गं."

"भूक नाही."

"तू खाल्लं नाहीस तर दूध कुठून येणार?"

"येतंय तेवढं येतंय."

ते येत नव्हतं. रात्रभर पोर कुरकुरली. सकाळी सुनेचे डोळे खोल गेले होते. खोक्याजवळ बसून ती पिल्लाचे पाय चोळत होती, आणि पोर खाटेवर एकटी रडत होती. सासूनं ते बघितलं आणि तिला कळून चुकलं, की हे पिल्लू गेलं की पाठोपाठ ही बाई खचेल, आणि ही खचली की पोरीचं जे काही आठ-पंधरा दिवसांचं आयुष्य आहे तेही उद्यावर येईल. पोरीचं काही करता येत नाही. सुनेचं येतं. असा तिनं विचार केला.

दुपारी सून आंघोळीला गेली. पाण्याचा पंप खोलीपासून लांब होता, वीस मिनिटं तरी लागणार होती. सासू खोक्यापाशी बसली. पिल्लू गेलेलंच होतं, पाय ताठ झाले होते. तिनं ते फडक्यात घेतलं आणि शेडमध्ये गेली. सहाव्या कप्प्यात एक लहानगं होतं, त्याच अंगाचं, तेवढ्याच वजनाचं, पण मापात घडलेलं. तिनं ते आचळावरून ओढून काढलं. त्याच्या कानावर हिरवी शाई लावली, फुंकर घालून वाळवली. मेलेलं मागे नेलं. हात धुतले. सून केस पुसत परत आली तेव्हा सासू भांडी घासत बसली होती आणि खोक्यात पिल्लू पाय झाडत होतं.

सुनेनं त्याला मांडीवर घेतलं. बाटली लावली. पिल्लानं निपल असं ओढलं की चटाचट आवाज यायला लागला.

"पितंय की गं," सासू म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"हो. छान पितंय."

सुनेनं बाटली रिकामी होऊ दिली. पिल्लाचं तोंड पुसलं. त्याला खोक्यात ठेवलं, पोतं नीट केलं, दिवा थोडा वर टांगला. मग हात पुसत खाटेवर बसली आणि पोरीला जवळ ओढून घेतलं.

"याचं कपाळ सपाट आहे," ती म्हणाली.

सासूच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"कपाळ सपाट, पाठ लांब. मांडीला मांस आहे. तुम्हीच शिकवलंत ना, आई? मी दारातून ओळखते."

"तुझं दूध आटायला लागलं होतं. तू खात नव्हतीस. मी म्हटलं, तुझ्या जिवाला..."

"ते मेलं कधी?"

"तू पंपावर गेलीस तेव्हा बघितलं. आधीच गेलं होतं."

"मग सांगायचं. मेलं म्हणून सांगायचं. मी रडले असते, गप्प झाले असते." सुनेचा आवाज चढला नाही. "दुसरं का आणून ठेवलंत? हिचंही ठरवूनच टाकलंय म्हणून ना? पहिल्याच दिवशी, दवाखान्यात. हात मागे बांधले होते तुम्ही. आता ही गेली की हिच्या जागी कुणाची आणून ठेवणार आहात?"

सासूनं तोंड उघडलं. वीस वर्षं तिच्या तोंडाला कुणी लागलं नव्हतं, मालकही नाही. भांडं घासायचं राहिलं होतं, ते तिनं पुन्हा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सून निघाली. पोर फडक्यानं छातीशी बांधलेली, हातात पाण्याची बाटली. सासू म्हणाली, "थांब, मी येते." सून म्हणाली, "तुमचं शेड आहे." आणि एकटीच रस्त्याला लागली. सासू दारात उभी राहून बघत राहिली. बाळंतीण बाई, दोन बस, असं ऊन. मागे धावावं असं तिला फार वाटलं, पण पाय उचलला नाही.

दिवसभर शेडमध्ये तिचं चित्त नव्हतं. एक डोकाळं तिनं न बघताच आचळाला लावलं आणि संध्याकाळी ते तिथेच मेलेलं सापडलं. गाडीवाल्यानं विचारलं, "सासूबाई, आज चेहरा का असा?" तिनं त्याला नेहमीसारखं उत्तर दिलं नाही, तेव्हा तोही पोती टाकून गुपचूप निघून गेला.

सून अंधार पडायच्या आधी परत आली. पाणी प्यायली, पोरीला पाजलं आणि मग नवऱ्याला फोन लावला. ट्रकच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती, आणि खोली केवढीशी.

"एक किलो नऊशे सत्तर. हो, वाढलंय. नर्स म्हणाली, पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं उतरतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? नाही, घाबरण्यासारखं काही नाही. पोटात कमी मिळालं तर बाळ आधी डोक्याला पुरवतं, म्हणाली. म्हणून अंग बारीक दिसतं. आता पाजत राहा, अंग भरून येईल. हो. वर्षभरात ओळखू येणार नाही म्हणाली... ते माणसाचं असंच असतं म्हणाली."

चुलीपुढे बसलेल्या सासूनं प्रत्येक शब्द ऐकला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. वीस वर्षांत तिचा हात शंभरातून पाच-दहा वेळाच चुकला असेल. या वेळी तो साफ चुकला होता, आणि या चुकीचा झाला तेवढा आनंद तिला कधी बरोबर ठरण्याचाही झाला नव्हता. ती उठली. पिंपातलं पाणी घेऊन साबणानं हात धुतले, एकदा, दोनदा, नखांतून. टॉवेलानं कोरडे केले. चुलीवर धरून थोडे गरम केले, पोरीला गार लागू नयेत म्हणून.

मग ती खाटेपाशी गेली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे," ती म्हणाली. "घेते जरा. तू दमलीयस."

सुनेनं तिच्या हातांकडे बघितलं.

"धुतलेत," सासू म्हणाली.

"हो. दिसतंय."

सून खरंच दमली होती. बसमध्ये उभी राहून आली होती, पाय सुजले होते. तिनं पोरीला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं, भिंतीच्या बाजूला, आणि तिच्या अंगावर फडकं ओढलं.

"तुम्ही जेवून घ्या, आई," ती म्हणाली. "हिला मी बघते."